मंगळवारच्या नळ्या

२ मार्च, बुधवार

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला लावली आहे. वरचा रक्तदाब एकशे बहात्तर निघाला. म्हणाल्या, राग आला की माणसांवर काढू नका, लिहून काढा, आणि चार महिन्यांनी या. मी म्हटलं, बाई, एक वही पुरायची नाही. त्यांनी मान वर न करता सांगितलं की बाजारात वह्या भरपूर मिळतात.

तर लिहितो. मी वर्लन टॅकेट, वय एकसष्ट. कॉब्स लँडिंगमध्ये गोंदायचं दुकान, एकोणऐंशी सालापासून त्याच जागी. या गावातले निम्मे दंड माझ्या हाताखालून गेले आहेत. नदीवरच्या मालवाहू बार्जवाल्यांचे नांगर, कुणाच्या मेलेल्या भावाची तारीख, कुणाच्या बायकोचं नाव आणि पुढे त्याच नावावर चढवलेला गुलाब. शेरीफच्या पाठीवरचा गरुडही माझाच आहे. तो शर्ट काढत नाही म्हणून कुणाला माहीत नाही.

आजचा राग बोर्डावर. राज्याचं गोंदण व टोचणी परवाना बोर्ड. हे तेरा वर्षांपूर्वी जन्माला आलं. तेव्हा मला या धंद्यात चोवीस वर्षं झाली होती, तरी मला परवाना ‘देण्यात आला’. दरवर्षी हायवेवरच्या मोटेलमध्ये बोलावतात आणि कालची एक मुलगी पडद्यावर चित्रं दाखवून हात कसे धुवायचे ते शिकवते. आता नवं पत्र आलंय. नळ्या-सुया निर्जंतुक करायच्या वाफेच्या मशीनची परीक्षा तीन महिन्यांनी नाही, दर महिन्याला. मशीन नापास झालं तर मालकाने स्वतः बोर्डाला कळवायचं. म्हणजे फास त्यांचा आणि गाठ मी मारायची.

ट्विलाने पत्र दोनदा वाचून फळ्यावर टाचलं. ट्विला रेनी माझ्याकडे टोचायचं काम करते, कान, नाक, भुवया, बेंबी, आणि जे मला बघायचं नसतं ते सगळं. नऊ वर्षं झाली. म्हणाली, नियम बरा आहे. मी म्हटलं, तूच जा बोर्डावर.

१९ मार्च, शनिवार

लॅबचा कागद आला. मशीन नापास.

ही परीक्षा म्हणजे एक पाकीट असतं. त्यात जंतू लावलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या. एक आपल्या सामानाबरोबर मशीनमध्ये घालायची, दुसरी बाहेर ठेवायची, मग दोन्ही टपालाने लॅबला. बाहेरच्या पट्टीवर जंतू उगवले पाहिजेत, आतल्या पट्टीवर उगवता कामा नयेत. आमच्या दोन्ही उगवल्या म्हणे.

ट्विला कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभी. मी एकाच्या पोटरीवर माशाचे खवले भरत होतो. म्हणाली, ‘‘वर्लन, मशीन जंतू मारत नाहीये.’’ गिऱ्हाइकासमोर. पोटरी थरथरायला लागली त्या माणसाची.

मी तिला मागे नेऊन दाखवलं. प्रत्येक पाकिटावर एक रेघ असते, ती तापली की काळी पडते. रेघ काळी कुळकुळीत. काळी झाली म्हणजे झालं. हे मशीन मी चौऱ्याण्णव साली एका म्हाताऱ्या डेंटिस्टकडून घेतलं, तेव्हापासून एक माणूस सुजून परत आलेला नाही. लॅबमध्ये पोरंटोरं बसतात, त्यांनी पट्ट्यांची अदलाबदल केली असणार. ट्विला म्हणाली, रेघ उष्णता सांगते, जंतू मेले का ते सांगत नाही. हे तिला मोटेलमधल्या मुलीने शिकवलंय.

दुसरी पट्टी पाठव म्हटलं आणि खवले पूर्ण केले.

७ एप्रिल, गुरुवार

दुसरीही उगवली. ट्विलाचं म्हणणं, दाराचं रबर गेलंय, वाफ गळते, दाब टिकत नाही. तिने रबराला बोट लावून दाखवलं, बोटाला काळं लागलं. मी म्हटलं, जुन्या रबराचं काळं लागतंच. ती म्हणाली, मग नवं मशीन घ्या, नाहीतर सगळे वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या नळ्या घ्या, एकदा वापरायच्या आणि फेकायच्या.

इथे माझा आवाज चढला. सुई ज्या नळीतून खालीवर होते ती माझी नळी पोलादी असते. पस्तीस वर्षं त्याच वजनावर माझा हात बसलाय. प्रत्येकीवर मी कानसने तीन खाचा मारल्यात, म्हणजे माझी आहे हे कळावं. प्लॅस्टिकची नळी धरून रेघ मारणं म्हणजे सरबताच्या नळीने चित्र काढणं. ट्विलाला म्हटलं, दुकान माझं आहे, मशीन माझं आहे, तुला बोर्डाचा एवढा पुळका असेल तर तिकडे जाऊन नोकरी कर.

तिने बोट पुसलं आणि कामाला लागली. शहाणी आहे.

२२ एप्रिल, शुक्रवार

लॅबचा कागद आला. पास. आतली पट्टी साफ मेलेली.

मी तो कागद ट्विलाच्या टोचायच्या खोलीच्या दारावर, बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. ‘‘काय गं, बरं झालं का तुझं रबर?’’ असं दिवसभरात चारदा विचारलं. ती फक्त ‘‘बरं’’ म्हणाली. माणसाने हरल्यावर हसून घ्यावं, एवढंही तिला जमत नाही.

हल्ली तिचं काहीतरी बिनसलंय. मंगळवारी जेवायला डायनरमध्ये येत नाही. मासेमारीला नेतात ती निळी बर्फाची पेटी घेऊन बाहेर जाते आणि दोन तासांनी उगवते. एकटं जेवायचं असेल तर एवढी मोठी पेटी कशाला लागते? मी पावासारखी गरम बिस्किटं आणि ग्रेव्ही एकट्यानेच खातो. वेट्रेस विचारते, भांडलात का. मी म्हटलं, माझं कुणाशी भांडण नाही.

मशीन मात्र झकास चाललंय. सकाळी ट्विला लावते, मागच्या खोलीतून फुसफुस ऐकू येते, बरं वाटतं.

२ मे, सोमवार

ट्विला आज पुन्हा त्याच विषयावर. दुकान बंद करताना कोट घालून दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माझा त्या मशीनवर विश्वास नाही, वर्लन. मी माझी व्यवस्था केली आहे. तुम्हाला सांगून ठेवते.’’

मी म्हटलं, कर बाई तुझी व्यवस्था. ती थोडा वेळ थांबली, मी पुढे काही विचारीन म्हणून असेल. मी विचारलं नाही. नोकरी सोडणाऱ्याला विनवण्या करणाऱ्यांतला मी नाही.

नऊ वर्षं. कान टोचण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं तेव्हा मी ठेवून घेतलं होतं.

१० मे, मंगळवार

कळली व्यवस्था. आज तिच्यामागून पाच मिनिटांनी बाहेर पडलो. निळी पेटी घेऊन बाई सरळ रस्ता ओलांडून डॅनिका फॉशच्या दुकानात शिरल्या. मागच्या दाराने, घरच्यासारख्या.

डॅनिका फॉश. वय एकोणतीस, जुन्या चपलांच्या दुकानात तिने काचा लावून स्टुडिओ थाटलाय. आत पांढराशुभ्र उजेड, भिंतीवर परवाने चौकटीत, खाली जागा रिकामी ठेवलीय, पुढच्या परवान्यांसाठी असणार. सहा वर्षांपूर्वी ही माझ्याकडे शिकायला आली होती. चित्रं चांगली होती. पण पहिल्याच दिवशी तिने माझी मशीनची नोंदवही बघायला मागितली. मी म्हटलं, बाळ, दार तिकडे आहे. तिने दुसऱ्या गावी जाऊन बोर्डाला पाहिजेत तेवढे उमेदवारीचे तास भरले आणि येऊन बसली ती बरोबर माझ्या समोर.

आता हिला माझी ट्विला पाहिजे. ट्विला परत आली तेव्हा पेटी दोन्ही हातांनी धरून आणली. मी विचारलं, काय जेवलीस? म्हणाली, सँडविच. पेटीला हात लावला तर गरम होती.

२४ मे, मंगळवार

आजही. एकला गेली, तीनला आली. गेल्या मंगळवारीही तेच. मी खिडकीतल्या निऑनच्या पाटीमागे खुर्ची टाकून बसलो होतो. त्या नादात एका शिपायाच्या खांद्यावरचा अंक उलटा उतरवला आणि कागदाचा ठसा पुसून पुन्हा लावावा लागला. हे माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते त्या दोघींमुळे झालं.

गिऱ्हाइकं फोडली तर समजू शकतो. माणूस फोडणं हे नीचपणाचं काम आहे. तिथे ती बिनपगारी शिकवणी देत असेल, नाहीतर चोरून टोचत असेल. बोर्डाच्या नियमात एका ठिकाणची नोंद असताना दुसऱ्या ठिकाणी काम चालत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. नियम वाचत नाही म्हणून येत नाहीत असं नाही.

३१ मे, मंगळवार

आज मी बोर्डाचा तक्रार-फॉर्म भरला. तेरा वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्या कागदावर माझ्या हस्ताक्षरात, ठळक. ‘सदर फॉश यांच्या दुकानात मंगळवारी एक ते तीन या वेळात बेकायदा प्रकार चालतो. मागच्या दाराने यावे.’ खाली सही केली. निनावी तक्रार करणाऱ्यांतला मी नाही.

पोस्टातून येताना फार हलकं वाटलं. डायनरमध्ये पीच भरलेला केक मागवला आणि संपवला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं पाहिजे की लिहून काढल्याने खरंच फरक पडतो, फक्त योग्य पत्त्यावर पाठवायला हवं.

१४ जून, मंगळवार

बोर्डाचा इन्स्पेक्टर आला. लायमन क्वेड. उंच, वाकलेला, एक शब्द बोलायच्या आधी दोन पानं उलटणारा. सव्वा वाजता त्याची राज्याची पांढरी गाडी समोर लागली. मी निऑन बंद केला म्हणजे नीट दिसावं. सांगितल्याप्रमाणे मागच्या दाराने गेला. मी घड्याळ लावून बसलो.

चाळीस मिनिटांनी बाहेर आला आणि गाडीकडे जायच्या ऐवजी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. हातात पोलादी ट्रे, त्यावर पाकिटं. मागून ट्विला आणि ती फॉश. ट्विलाचा चेहरा पांढराफटक.

क्वेडने ट्रे माझ्या काउंटरवर ठेवला. ‘‘मिस्टर टॅकेट, या नळ्या तुमच्या का?’’

पाकिटातून तीन खाचा स्पष्ट दिसत होत्या. चौदा नळ्या. मी म्हटलं, माझ्याच. चोरी करत होत्या काय या दोघी?

तो म्हणाला, मिस फॉशच्या मशीनमध्ये होत्या. त्यांच्याबरोबर लॅबची पट्टीही होती, आणि पाकिटावर दुकानाचं नाव तुमचं होतं.

मला काही कळेना. मी दारावरचा पास झालेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. नंतर आलेला दुसराही धरला. बघा, माझं मशीन ठणठणीत आहे, या बायकांना विचारा कशाला नेल्या ते. त्याने दोन्ही कागद निवांत वाचले आणि विचारलं, तुमचं मशीन बघू का. बघा म्हटलं, पंचवीस वेळा बघा. त्याने स्वतःच्या बॅगेतली पट्टी काढली, आत ठेवली, मशीन लावलं. फुसफुस सुरू झाली. दारापाशी वाफेची बारीक रेघ उठत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

जाताना क्वेडने सांगितलं, निकाल येईपर्यंत दुकान बंद. खिडकीत पिवळा कागद त्याने स्वतः लावला.

१५ जून, बुधवार

ट्विलाला विचारलं. तिच्या घरी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच गेलो. आत बोलावलं, पण मी पायरीवरच उभा राहिलो.

तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. सात एप्रिलपासून माझ्या मशीनमध्ये एकही नळी गेली नाही, तिच्या सुया आणि चिमटेही नाहीत. मोटेलमधल्या वर्गात तिची आणि फॉशची ओळख झाली होती. तिने जाऊन विचारलं, फॉश हो म्हणाली. आठवड्याचं सगळं सामान मंगळवारी तिकडे उकळायचं, आणि लॅबची पट्टीही त्यातच.

मी म्हटलं, मशीन तर रोज चालत होतं, मी ऐकत होतो.

‘‘रिकामं लावायची मी,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला आवाज ऐकू यावा म्हणून.’’

सव्वादोन महिने मला माझ्याच दुकानात खेळवलं. मी तिला म्हटलं, तू मला का सांगितलं नाहीस? तिने दार अर्धं लोटलं. मग म्हणाली, घरी जा, वर्लन, ऊन फार आहे.

मला काही सांगितलं नव्हतं. रबराबद्दल काहीतरी कुरकुर केली असेल कधीतरी. मशीन नापास आहे असं स्पष्ट शब्दांत तिने मला कधीही सांगितलेलं नाही, आणि ही गोष्ट मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे.

२३ जून, गुरुवार

क्वेडच्या पट्टीवर जंतू उगवले. फोन त्यानेच केला. सुनावणी एकोणीस जुलैला, राज्याच्या राजधानीत, तिघांचीही.

मी विचारलं, आता कुणाचं काय जाणार? पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्याने सांगितलं. फॉशने बाहेरचं सामान आपल्या मशीनमध्ये घेतलं, तिला दंड. माझं आणि ट्विलाचं एका प्रश्नावर अडलंय. मशीन नापास झालंय हे मालकाला माहीत होतं का? माहीत असेल तर बोर्डापासून लपवलं मालकाने, परवाना मालकाचा जाणार, आणि नोकराला समज देऊन सोडतील. माहीत नसेल तर दुसऱ्याच्या मशीनची पट्टी माझ्या नावाने पाठवून ट्विलाने मला आणि बोर्डाला, दोघांनाही फसवलं. मग तिचा परवाना कायमचा जाणार, आणि मी नवं मशीन घेऊन दुकान उघडू शकतो.

मी म्हटलं, मग सोपं आहे. मला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, ‘‘हे मला नका सांगू, मिस्टर टॅकेट. तिथे सांगा.’’

४ जुलै, सोमवार

स्वातंत्र्यदिनाचे फटाके. नदीकाठी सगळं गाव. खिडकीतला पिवळा कागद येताजाता सगळे वाचतात. चर्चमधला एक जण माशांच्या पंगतीत म्हणाला, वर्लन, ऐकलं ते खरं का, आमच्या पोराने तुझ्याकडे फेब्रुवारीत गोंदवून घेतलंय. मी ताट तसंच ठेवून उठलो.

१८ जुलै, सोमवार

उद्या जायचं म्हणून सकाळी ही वही चाळली. बोर्डापुढे तारखा लागतील, ट्विला कधी कधी गायब व्हायची ते सांगावं लागेल, म्हणून.

एकोणीस मार्च. सात एप्रिल. दोन मे.

तीनदा सांगितलंय तिने. पहिल्या वेळी तर अगदी त्याच शब्दांत, माशाचे खवले भरताना. मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात. मला आठवत नव्हतं, हे देवाशपथ खरं आहे. म्हणजे आठवत होतं, पण ती कटकट म्हणून आठवत होती.

वही मिटून कपाटात ठेवली. बोर्ड माझी वही मागणार नाही. या वहीबद्दल डॉक्टरीणबाई सोडून कुणाला माहीत नाही, आणि त्यांनाही मी अजून दाखवलेली नाही. सदतीस वर्षांचं दुकान आहे. ट्विला एकेचाळीसची आहे, ती दुसरं काहीही करू शकते, माझ्या हाताला दुसरं काही येत नाही. उद्या विचारलं की एक शब्द बोलायचा, नाही, आणि खाली बसायचं. ठरलं.

शर्टाला इस्त्री केली. कॉलर करपली.

१९ जुलै, मंगळवार

आत्ताच आलो. अडीच तास गाडी चालवली. नीट लिहितो.

खोली तळमजल्यावर, खिडकी नाही. लांब टेबलामागे पाच जण. अध्यक्षबाई सलूनवाल्यांच्या बोर्डातून इकडे आलेल्या. पाचांतल्या एकाच्याच मनगटावर गोंदण होतं आणि तेही भिकार काम, शाई पसरलेली. आम्ही तिघं एका रांगेत, मधे ट्विला. चर्चला घालते तो निळा ड्रेस घालून आली होती. माझ्याशी बोलली नाही, फक्त माझ्या कॉलरकडे बघितलं.

आधी फॉशला विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘त्या नळ्या माझ्या मशीनमध्ये उकळल्या नसत्या तर तशाच कुणाच्या तरी कातडीत गेल्या असत्या. तुम्ही दंड सांगा, मी भरते.’’ आणि बसली. मला ही मुलगी आवडत नाही, पण बोलायला घाबरत नाही.

मग ट्विला. अध्यक्षबाईंनी विचारलं, मशीन नापास झाल्याचं तुम्ही मालकांना सांगितलं होतं का? नीट विचार करून उत्तर द्या, या उत्तरावर तुमचा परवाना अवलंबून आहे.

मी समोरच्या झेंड्याकडे बघत होतो. माझी पाळी आली की ‘नाही’ म्हणायचं, तेवढंच तोंडात धरून बसलो होतो. आता ती तीन तारखा सांगणार, मग मी नाही म्हणणार, मग तिच्या शब्दाविरुद्ध माझा शब्द.

ट्विला म्हणाली, ‘‘नाही. मिस्टर टॅकेटना काही माहीत नव्हतं. मी त्यांना कधीच सांगितलं नाही.’’

मला आधी वाटलं, चुकून बोलली. तिने पुन्हा सांगितलं. ते कामात असतात, मागच्या खोलीत येत नाहीत, त्यांना यातलं काही समजत नाही. टेबलामागच्या एकाने मान डोलवून लिहून घेतलं. तो मनगटवाला माझ्याकडे बघून कीव आल्यासारखा हसला.

तिथे माझं डोकं फिरलं. त्यांना यातलं काही समजत नाही! यांचं बोर्ड जन्मायच्या आधीपासून मी नळ्या उकळतोय, आणि माझ्या दुकानात काय चाललंय ते मला कळत नाही, असं पाच परक्या माणसांसमोर, शपथेवर, माझंच माणूस सांगतं. मला सांभाळून घेतं. मी काय बिछान्याला खिळलेला म्हातारा आहे?

मी उभा राहिलो. ‘‘खोटं बोलतेय ती.’’

अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमची पाळी आलेली नाही. मी म्हटलं, माझ्या दुकानाचा प्रश्न आहे, पाळी माझीच आहे. ‘‘तिने मला तीनदा सांगितलं. एकोणीस मार्च, सात एप्रिल, दोन मे. पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर सांगितलं. दुसऱ्यांदा रबर दाखवलं. मला सगळं माहीत होतं. मी ऐकलं नाही.’’

ट्विला खालून माझी बाही ओढत होती. ‘‘बसा, वर्लन. तुम्हाला बरं नाहीये.’’

मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही, आणि माझ्या वतीने खोटं बोलायला मी कुणाला ठेवलेलं नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्ही काय बोलताय आणि त्याने काय होईल हे तुम्हाला समजतंय ना? मी म्हटलं, आत्ताच ही बाई म्हणाली की मला काही समजत नाही, त्याचंच तर मी उत्तर देतोय.

निकाल वीस मिनिटांत दिला. फॉशला दंड. ट्विलाला लेखी समज, परवाना शाबूत. माझा परवाना रद्द. दोन वर्षांनी अर्ज करता येईल, पण नव्या माणसासारखा, कुणाच्या तरी हाताखाली तास भरून. क्वेडने परवान्याचं कार्ड मागितलं. पाकिटात चिकटून बसलं होतं, निघता निघेना. त्याने नख लावून सोडवलं आणि पावती दिली.

बाहेर व्हरांड्यात ट्विला माझ्यावर धावून आली. नऊ वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. ‘‘मी उभ्या जन्मात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोलले, आणि तेही तुम्हाला बघवलं नाही. मी दुसरं काहीही करू शकले असते. तुम्ही आता काय करणार आहात?’’

मी म्हटलं, ते माझं मी बघीन. मला सगळ्यांसमोर अडाणी ठरवायची काही गरज नव्हती. ती भिंतीला टेकून रडायला लागली. फॉश तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिला पहिल्यांदाच दिसत होतो. मी गाडीत जाऊन बसलो.

जे बोललो ते रागाच्या भरात बोललो. तिची दया येऊन बोललो असं कुणी समजू नये.

३० जुलै, शनिवार

दुकान आवरतोय. खुर्ची विकत घ्यायला नदीपलीकडचा एक जण येऊन गेला. नळ्या विकणार नाही.

दुपारी ट्विला आली. तिचे दोन एप्रन आणि दिवा राहिला होता. सोमवारपासून ती फॉशकडे लागतेय. मी म्हटलं, अभिनंदन, आता पेटी वाहायला नको. ती थोडी हसली. मग पर्समधून बोर्डाचा एक कागद काढून काउंटरवर ठेवला. जागा बदलताना आधीच्या दुकानमालकाचा दाखला लागतो. निर्जंतुकीकरणाच्या कामात ही व्यक्ती विश्वासू आहे का, हो किंवा नाही. खाली शेरा, सही आणि परवाना क्रमांक.

मी चष्मा लावला. ‘हो’वर खूण केली. शेऱ्याला दोनच ओळी होत्या. मी लिहिलं, ‘हिने नऊ वर्षं माझ्याकडे काम केलं. हिने उकळलेली नळी मी डोळे मिटून माझ्या स्वतःच्या कातडीत घालीन.’ जागा संपली म्हणून थांबलो. सही केली. शेवटच्या रकान्याशी पेन टेकवलं आणि मग लक्षात आलं.

मी म्हटलं, ‘‘ट्विला, हे चालणार नाही. माझ्याकडे नंबर नाही आता. बोर्ड हा कागद घेणार नाही.’’

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. तिने कागद माझ्या हाताखालून काढून घेतला, उभ्या उभ्या दोनदा वाचला, घडी घालून पर्सच्या आतल्या, चेनवाल्या कप्प्यात ठेवला, आणि दिवा उचलून गेली.

संध्याकाळी रस्त्यात भेटलेल्या फॉशकडून कळलं की बोर्डाने ट्विलाच्या बदलीचं काम दाखल्याशिवायच केलं होतं, बुधवारी. माझ्या सहीची गरजच नव्हती. आणि ट्विलाला बोर्डाचे नियम तोंडपाठ आहेत. मग असला बिनकामाचा कागद माझ्याकडून भरून घ्यायला ती एवढ्या उन्हात कशाला आली, हे मला अजून कळलेलं नाही.